फ्रिजमधला हिवाळा

पिओनी नावाचं फूल आपल्याकडं फारसं कुणी पाहिलेलं नसतं, म्हणून आधी तेवढं सांगून घेतो. कंदातून येणारं झाड, जेमतेम गुडघ्याच्या वर जाणारं, आणि त्यावर फूल मात्र ओंजळीत मावणार नाही एवढं. पाकळीवर पाकळी, मोजायला बसलात तर चहा थंड होईल. झाडाची अट एकच. हिवाळ्यात काही आठवडे त्याच्या कंदाला जमिनीखाली कडक थंडी मिळाली पाहिजे. ती नाही मिळाली तर ते पानं काढतं, फूल काढत नाही. आणि हे झाड मी रोह्याजवळच्या आमच्या गावात लावायला निघालो होतो, जिथं डिसेंबरातही दुपारी पंखा लावावा लागतो.

मला वेड लागलं होतं असं समजू नका. त्याहून तापलेल्या जागी मी ते फुलवलं होतं. माझी सगळी नोकरी आखातात, एका मोठ्या घराच्या बागेत झाली. त्या घरच्या बाईंनी परदेशात कुठंतरी पिओनी पाहिली आणि आल्या आल्या विचारलं, आपल्याकडं का नाही? श्रीमंत माणसांच्या असल्या प्रश्नांना उत्तर द्यायलाच माळी ठेवलेले असतात. वाळवंटात एक बरं असतं, हवा कोरडी, त्यामुळं कंद कुजत नाही. थंडी कमी पडते, पण ती विजेवर तयार करता येते. भाजीपाला ठेवायच्या थंड खोलीत आम्ही कंद कुंड्यांसकट ठेवायचो आणि पुढं बाहेर काढून दुपारच्या उन्हाला आडोसा करायचो. सुरुवातीला नुसती पानंच आली. मग एका वर्षी फुलं आली. बाई येऊन उभ्या राहिल्या, फोटो काढले, निघून गेल्या. मी एक फूल बायकोला व्हिडिओ कॉलवर दाखवलं.

"खरा हाय का कागदाचा?" तिनं विचारलं.

"खरा हाय गो."

"मग असा का दिसतो?"

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्या बागेत सगळंच कागदाचं वाटायचं.

पुढं माझी कंबर गेली. वाकलो की उठता येईना, आणि न वाकता माळीकाम कसं करायचं? घरच्या मालकांनी चांगल्या शब्दांत निरोप दिला. म्हणाले, जा, आराम कर, उन्हाळ्यापर्यंत तुझी जागा ठेवतो, बरं वाटलं तर ये, वाकायचं काम दुसरे करतील. मी गावी आलो आणि सगळ्यांना सांगितलं की आता कायमचा आलो. जागा ठेवल्याचं मात्र कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

हे पोटात ठेवायचं कारण सांगितलं पाहिजे. आमच्याकडं घरोघरी कुणी ना कुणी आखातात असतो, त्यामुळं सुट्टीवर आलेल्या माणसाचं काय करायचं याची एक रीतच पडून गेली आहे. तो येतो तेव्हा घरात रोज मटण नाहीतर सुरमई. शेजारीपाजारी भेटायला येतात. त्याला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाहीत. आणि घरातली कटकट, दुखणीखुपणी, भावकीतली भांडणं, सगळं तो परत विमानात बसेपर्यंत झाकून ठेवायचं. एक महिना मिळतो, त्यात भांडायचं कशाला? आम्ही दोघं इतक्या वर्षांत एकदाही भांडलो नव्हतो. मी तिथल्या मित्रांना हे अभिमानानं सांगायचो.

आता मी कायमचा आलो होतो, तरी रीत चालूच राहिली. सकाळी तांदळाच्या भाकऱ्या, अंडी, दुपारी मासे, रात्री कोंबडी. मी पंप चालू करायला उठलो की ती म्हणायची, तुमी बसा. वालाच्या शेतात जाऊ का म्हटलं की, तुमी बसा. मी जेवायचो, ती वाढायची आणि म्हणायची, मी मागनं खाते. घर तिनं एकटीनं चालवलं होतं. मुलीचं लग्न, घराचे पत्रे काढून स्लॅब, शेत कुणाला कसायला द्यायचं, सगळं तिनं ठरवलं होतं आणि नीट ठरवलं होतं. त्या घरात मी नुसता ओटीवर बसून होतो. मला भीती वाटायला लागली की इथं माझं काही काम उरलेलं नाही. म्हणून ठरवलं, उन्हाळ्याच्या आत या घरात आपली जागा होते का बघायचं. नाही झाली तर तिकीट काढायचं.

माणसाला एकच गोष्ट नीट येत असते. मला पिओनी येत होती.

माझ्याबरोबर बागेत काम केलेला एक काश्मिरी गडी आता त्याच्या गावी शेती करतो. त्याला फोन केला. त्यानं ओलसर भुश्शात गुंडाळून एक कंद कुरिअरनं पाठवला. खोक्यातून काढून मी तो बायकोच्या हातात दिला. जाड मुळांचा गुंता, वर दोन-चार लालसर डोळे. तिनं उलटसुलट करून पाहिला.

"ह्याच्यापेक्षा आपला सुरण बरा," ती म्हणाली. "खाता तरी येतो."

थंड खोली आमच्याकडं कुठली? फ्रिज होता. खालचा भाजीचा कप्पा मी रिकामा केला, धुतला, पुसला, त्यात भुश्शासकट कंद ठेवला आणि घरात हुकूम काढला की फ्रिजमध्ये फळं ठेवायची नाहीत. पिकणाऱ्या फळांचा वाफारा कंदाच्या डोळ्यांना बाधतो. केळी, चिकू, पपई, सगळं बाहेर. दिवसातून कितीतरी वेळा मी फ्रिज उघडून बघायचो, ओल आहे ना, बुरशी नाही ना. बायकोनं कंदाचं नाव ठेवलं सवत. "आज सवतीची तब्येत कशी हाय?" असं विचारायची. शेजारीण आली की तिलाही सांगायची, बघ गो, माझी सवत फ्रिजात निजलीय, मला केळासुदा ठेवाला जागा नाय. दोघी हसायच्या. मीही हसायचो. तिला चिडवायला काहीतरी मिळालं याचाच मला आनंद होता.

शेजारीण म्हणजे पलीकडच्या घरातली. त्यांची आमच्यासारखीच भाताची आणि वालाची शेती, आणि या दोघींचं लग्न होऊन आल्यापासूनचं मेतकूट. बायको सकाळ-संध्याकाळ तिच्याकडं जाऊन यायची. मला वाटायचं, इतकी वर्षं एकटीनं काढली, सोबतीची सवय लागली असणार.

डिसेंबर संपताना मी कंद बाहेर काढला. अंगणाच्या कडेला, आंब्यापासून आणि पेंढ्याच्या उडवीपासून लांब, वारा लागणार नाही अशी जागा निवडली. माती खणली, दगड वेचले, शेणखत मिसळलं, सपाट केली. वेचलेले दगड भोवती गोल मांडले. उष्ण मुलखात हा कंद अगदी वरवर लावायचा असतो, डोळ्यांवर दोन बोटं माती, बस. बायको बघत होती.

"सुरण कोन असा लावतो?" ती म्हणाली. "कोंबडीनं नख मारला तरी वर येल."

"हा सुरण नाय."

"ता मी कवाच सांगला."

दुपारी माती तापू नये म्हणून मी दगडांच्या आत कोरडा पेंढा पसरला. लांबून बघितलं आणि समाधान वाटलं. त्या अंगणातली ती पहिली जागा होती जी मी माझ्या हातानं केली होती.

जानेवारीच्या शेवटी मुलगी आणि जावई पेणहून राहायला आले. वालाला शेंगा लागल्या की मुलीला पोपटीची आठवण येते. आमच्या भागात थंडीत पोपटी झाली नाही तर थंडी आली असं कुणी म्हणत नाही. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या कोवळ्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, परत पाला. मडकं जमिनीवर उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा आणि काटक्यांची आग करायची. त्याच दिवशी मी पेणला गेलो होतो, रोप वर आलं की त्यावर बांधायला हिरवी जाळी आणायला. येताना वडखळच्या नाक्यावर गाडी जी अडकली ती अडकलीच. घरी पोचलो तेव्हा दिवेलागणीची मगरिबची नमाज होऊन गेली होती. लांबूनच वास आला. ओटीवर चटई घातली होती, केळीच्या पानावर मडकं उलटं केलेलं होतं, शेंगांची वाफ निघत होती. मी हात धुतले आणि बसलो. दोन अंडी खाल्ली, कोंबडीची तंगडी खाल्ली, शेंगा किती खाल्ल्या विचारू नका. जावयाला म्हटलं, मीठ बरोबर बसलंय, आग पण चांगली लागलेली दिसते.

"जागाच तुमी मस्त करून ठेवली होती, अब्बा," जावई म्हणाला. "दगड मांडलेले, पेंढा टाकलेला. आमाला नुसती काडी लावाची होती."

शेंग माझ्या हातातच राहिली.

त्याचं काय चुकलं? रोहा-पेणच्या पट्ट्यातला कुठलाही माणूस जानेवारीत अंगणातली साफ केलेली माती, भोवती दगडांचं वर्तुळ आणि आत कोरडा पेंढा बघून एकच गोष्ट समजेल. मी स्वतःसुद्धा दुसऱ्याच्या अंगणात तेच समजलो असतो. शिवाय तो जावई. जावयाला कसं बोलायचं? मी म्हटलं, हां, बरं झालं. आणि उरलेली शेंग खाल्ली.

सकाळी ती दोघं निघून गेल्यावर मी कुदळ घेऊन बसलो. राख बाजूला केली. वरची माती भाजून विटेसारखी झाली होती. खाली कंद होता. डोळे मऊ झाले होते, बोट लावलं की साल निघत होती, उकडलेल्या बटाट्यासारखी. बायको मागं येऊन उभी राहिली, आणि जावयावर काढता न आलेला राग मी तिच्यावर काढला.

"त्याला हितं आग लावाला कोनी सांगला?"

"मीच सांगला. आत भाकऱ्या थापत होते. त्यानं बाहेरनं विचारला, हितंच लावू? मी बोलले लाव."

"बघाचा तरी ना."

"चुकला माजा," ती म्हणाली.

तिथं मी गप्प बसायला हवं होतं. पण माझा आवाज चढलेला होता आणि चढलेला आवाज खाली आणायची मला सवय नव्हती. मी म्हटलं, दोन महिने जपला त्याला. त्याला किती थंडी लागते, किती ओल लागते, कुठल्या फळाचा वास चालत नाही, सगळं बघितलं. या घरात एक गोष्ट माझी होती, तीही कुणाला दिसली नाही.

तिनं माझ्या हातातली कुदळ घेऊन कडेला ठेवली. मग म्हणाली, "त्याला काय लागतं ता तुमाला ठावं हाय. मला काय लागतं ता ठावं हाय?"

मला वाटलं, आता साडी, बांगडी, असलं काहीतरी निघणार. "सांग ना मग," मी म्हटलं. "काय लागतं? आनून देतो."

"इन्सुलिन," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मग तिनं सांगितलं. शुगर होऊन कितीतरी वर्षं झाली. आधी गोळ्या होत्या, आता इंजेक्शन आहे, सकाळ-संध्याकाळ, पोटात. ती औषधं थंडीत ठेवावी लागतात. मी सुट्टीवर येणार असं कळलं की ती औषधांचा डबा उचलून शेजारणीच्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवायची आणि मी गेलो की परत आणायची. या वेळीही तसंच केलं. मी कायमचा आलो म्हणालो म्हणून आणू का, आणू का करत होती, पण मी दिवसभर त्या कंदापायी फ्रिजशीच उभा. कंद मातीत गेल्यावरही तिचा धीर झाला नाही, म्हणून डबा अजून तिकडंच होता. सकाळ-संध्याकाळ ती शेजारी जायची ती गप्पा मारायला नाही, सुई घ्यायला. माझ्याबरोबर जेवायची नाही कारण तिच्या ताटात काय आहे ते मला दिसलं असतं. मी प्रत्येक सुट्टीत आणलेला खजूर आणि चॉकलेटं ती गावभर वाटून टाकायची. मुलीला ठाऊक होतं. जावयाला ठाऊक होतं. शेजारणीच्या घरातल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असणार.

"सांगला का नाय?" मी विचारलं.

"तितं होताव तवा कशाला सांगाचा? एकल्या मानसाला झोप नसती लागली."

"आता तर आलो ना."

ती राखेकडं बघत होती. "आलाव. पन जानार हाव ना परत. तुमच्या फोनवर तितला मानूस बोलतो ता मला ऐकू येतं. जानाऱ्या मानसाला काय सांगाचा?"

मला वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं साधं नव्हतं. मी ज्याला संसार समजत होतो तो त्या सुट्टीच्या महिन्यांपुरता माझ्यासमोर मांडून ठेवला जायचा आणि मी गेलो की खरा संसार परत सुरू व्हायचा. फसवलं म्हणून राग यायला हवा होता. पण फसवायची रीत आमच्या सगळ्या गल्लीची होती, आणि मीही तिला तेच करत होतो. जागा ठेवलीय हे मी तरी कुठं सांगितलं होतं? खणलेल्या मातीत मी तसाच बसून राहिलो. कंबर दुखत होती, उठता येईना. तिनं हात दिला.

मी पलीकडं गेलो. शेजारीण दारातच तांदूळ पाखडत होती. मला बघून तिनं सूप खाली ठेवलं.

"डबा नेवाला आलो," मी म्हटलं.

"बरा झाला, भावोजी," ती म्हणाली. आत गेली, फ्रिज उघडला आणि एक छोटा स्टीलचा डबा ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला. "बर्फाच्या कप्प्यात नका ठेवू. वाया जातं."

हे मला सांगायची गरज नव्हती. गोठवायचं नाही आणि तापू द्यायचं नाही, जवळजवळ तीच थंडी कंदाला लागते. तशी थंडी राखण्यात माझं आयुष्य गेलं होतं. घरी येऊन भाजीचा कप्पा परत धुतला, पुसला, डबा आत ठेवला. कंद होता तेव्हाही त्या कप्प्यात दोघांना पुरेल एवढी जागा होती, हे मला तेव्हा दिसलं. मी बराच वेळ फ्रिजचं दार उघडं धरून उभा होतो. ती म्हणाली, दार लावा, लाइट जळतो. इतक्या वर्षांत ती मला पहिल्यांदा घरातल्या माणसासारखं टाकून बोलली.

फुलाचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी वाट बघत बसायला नको. त्या कंदाचा एक बाजूचा तुकडा शाबूत निघाला. तो मी कुंडीत लावला. फाल्गुनात त्याला तांबूस कोंब आला, चार-पाच पानं आली, फूल आलं नाही. पावसाळ्यात ती कुंडी आम्ही ओटीवर आत घेतली, तरी हवेतल्या ओलीनं कंद कुजला. उकाड्याला तोड निघते, पण आमच्या पावसापुढं त्या झाडाचं काही चालत नाही. वाळवंटातला माझा सगळा अनुभव इथं कुचकामी निघाला आणि त्याचं मला फारसं दुःख झालं नाही. काश्मीरवाला म्हणतो, दुसरा पाठवू का? बायको म्हणते, मागवा, पण पोपटीची जागा सोडून लावा. अजून आमचं त्यावर ठरत नाही. आम्ही आता बऱ्याच गोष्टींवर भांडतो, आणि ती माझ्यापेक्षा चांगली भांडते.

पण मला सांगायची आहे ती त्याच दिवसाची संध्याकाळ. मी डबा आणला त्या दिवसाची. जेवणाच्या आधी तिनं फ्रिज उघडला, इंजेक्शन काढलं आणि स्वयंपाकघरात पाटावर बसली. मी उठून बाहेर जायला लागलो, कारण कसं वागायचं ते मला कळत नव्हतं. "बसा," ती म्हणाली. तिनं ओढणी बाजूला सारली, कुडता जरा वर केला. पोटावर जिथं जिथं सुया घेतल्या होत्या तिथं बारीक काळे डाग होते. ते मी कधी पाहिले नव्हते. तिनं कातडी चिमटीत धरली, सुई टोचली आणि ओठ न हलवता आकडे मोजल्यासारखं थांबली. मी विचारलं, दुखतं का. ती म्हणाली, आता नाय.

सुई काढली तरी ती उठली नाही.

"इतकी वर्सं मी तुमची बॅग भरून दिली," ती म्हणाली. "कवा बोलले नाय. बोलून काय उपेग नव्हता, घर चालाचा होता. आता बोलते. जाव नका."

मी तिच्या हातातली सुई घेतली, टोपण लावलं, आणि म्हटलं, "नाय जात."